मान टेकवायची खुर्ची

सलूनची वाटणी सरळ झाली, पण वडिलांच्या दाढी करायच्या फिरत्या खुर्चीवर दोघा भावांचं घोडं अडलं. शेवटी "मला नाही तर त्यालाही नाही" म्हणत त्यांनी खुर्ची अडगळीच्या खोलीत ठेवली आणि दाराच्या जागी भिंत घालून घेतली. एकमेकांचं तोंड बघायला नको म्हणून गवंडी काम करत असताना दोघांपैकी एकही तिकडे फिरकला नाही.

चाळीस वर्षांनी दोघांच्या मुलांची दिलजमाई झाली. भिंत फोडायला आला त्याच गवंड्याचा मुलगा.

"जपून हं दादा, आजोबांची एवढीच आठवण आहे!" त्यांच्यातला एकजण म्हणाला.

विटा निघाल्या. आत नुसती धूळ.

गवंड्याच्या मुलानं हातोडा पिशवीत टाकला आणि तडक घर गाठलं.



घरी त्याचा म्हातारा बाप लाडक्या खुर्चीत मान टेकवून, गोल गोल फिरत चहा पीत होता.