आबाजींच्या जागा

आबाजींनी शेवटपर्यंत कशालाही तोंड लावलं नाही. पण ते असू द्या. ते अजून व्हायचंय. सकाळचे नऊ वाजलेत आणि समाधानला अजून वाटतंय, आबा खातील.

"पावडर कोटिंगच्या दुकानामागनं घे," बाइकवर मागे बसलेले भैरूतात्या म्हणाले. "हळू, राव. माझी हाडं आता कंपनीची न्हाईत, लोकल मेक हायेत."

भैरूतात्या आबाजींचे जुने दोस्त, मूळचे दिघीचे. आबाजी धाराशिवहून आलेले. चाकणच्या कंपनीची बस चालवण्यात आबाजींची तीस वर्षं गेली होती. दोघांनी मिळून नकाशावर नसलेल्या खाण्याच्या जागा शोधल्या होत्या. जागा चांगली निघाली की भैरूतात्या एक शिवी द्यायचे आणि आबाजी गप्प बसायचे. एवढंच त्यांचं रेटिंग.

समाधानला यातली एकही जागा माहीत नव्हती. "चल, एक जागा दाखवतो," असं आबाजी दर रविवारी म्हणायचे. "ओव्हरटाइम आहे आबा, पुढच्या रविवारी," असं तो म्हणायचा. काही रविवारी ओव्हरटाइम खरंच असायचा. बाकीच्या रविवारी तो पांघरुणातूनच पिझ्झा मागवायचा.

फोन वाजला. बहीण होती, रुपाली.

"ताट तसंच आहे रे. पुरणपोळी, खीर, काहीच नाही. काकूच्या प्रीतमदादाची दुपारची शिफ्ट आहे. आबांनी खाल्ल्याशिवाय कुणाला हलताही येईना."

"आलोच. त्यांच्या आवडीचं आणतो."

"तुला माहितीय त्यांच्या आवडीचं?"

"तात्या आहेत बरोबर," समाधान म्हणाला.

भोसरीतल्या त्या बोळात गिरजाबाई एका हातगाडीवर सुशीला करायच्या. भिजवलेले चुरमुरे, शेंगदाणे, डाळ्याचं कूट. मराठवाड्यातली अर्धी शिफ्ट तिथे उभी होती.

"तिला आत्ता काही सांगू नगंस," भैरूतात्या कानाशी म्हणाले. "हात थरथरला की मीठ जादा पडतंय."

गिरजाबाईंनी समाधानकडे नीट पाहिलं. "तू आबाजीचा लेक. नाक सांगतंय. ते कुठायत?"

"जेवत नाहीयेत. पार्सल द्या."

"कुणावर रुसलेत?"

"माझ्यावरच असावेत."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"दाखवलं होतं."

"हेल्मेट तरी काढ बाबा, चोरासारखा उभा राहिलायस. आणि चप्पल कुठाय?"

"घाईत राहिली त्याची," भैरूतात्या मध्येच म्हणाले.

गिरजाबाईंनी डबा भरला. लिंबाची फोड वेगळी बांधली. "आधी पिळायचं नाही. खाताना पिळलेलंच लागतं त्यांना. तुला माहीत असंल की."

"हो," समाधान म्हणाला. त्याला माहीत नव्हतं.

चाकणला वजनकाट्याच्या मागे एक भंगारातली बस उभी होती. तिला इंजिन नव्हतं, चाकं नव्हती, पण 'चाकण ते दिघी' ही पाटी होती. आत एक बाई मासवडी करायची. लोक सीटवर बसून जेवत आणि सवयीने मागच्या दाराने उतरत. ड्रायव्हरची सीट मात्र रिकामी होती.

"तिथं आबाच बसायचा," भैरूतात्या म्हणाले. "रस्सा भुरकता भुरकता हॉर्न दाबायचा. वाजायचा न्हाई, पन दाबायचा. मी इचारलं, कुनाला बाजूला करतोस रं? तर म्हनला, पोराला हाक मारतोय."

डबा हातात घेऊन समाधान त्या सीटजवळ थोडा वेळ उभा राहिला. बसला नाही.

"तू पन खा चार घास. सकाळपास्नं उपाशी हायेस."

"आधी आबा खाऊ देत."

पावणेबाराला ते परतले. रुपालीने डबे उघडले, सुशीला एका पानावर आणि मासवडी दुसऱ्या पानावर वाढली. लिंबू समाधानने स्वतः पिळलं. कुणी बघत बसलं की घास जात नाही, म्हणून सगळे लांब सावलीत जाऊन बसले. प्रीतमदादाने तीनदा घड्याळ पाहिलं.

काही झालं नाही.

"काहीतरी कबूल कर त्यांना," काकू म्हणाली. "मनात काय अडकलंय कुणास ठाऊक."

समाधान पुढे गेला. "आबा, रविवारी जाऊ आपण. नक्की."

मागून भैरूतात्यांचा आवाज आला. "रविवार म्हनू नगं, भावा. त्यावर त्यो ईस वर्सांत फसून फसून शाना झालाय."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"आज जाऊ," समाधान म्हणाला. "आत्ता. तुम्ही म्हणाल तिथं." त्याने पान थोडं पुढे सरकवलं. "हॉर्न तुम्हीच दाबा."

रस्सा निवत चालला होता. त्यावर तेलाचा तवंग धरला.

प्रीतमदादा उठला. "मला निघावं लागेल, समाधान. पंचिंग चुकलं की अर्धा दिवस जातो."

समाधानने मान हलवली. मग तो एका दगडावर बसला आणि फोन काढून महापालिकेचं तक्रारींचं ॲप उघडलं. खड्डे, पथदिवे, मोकाट जनावरे, प्रत्येकाला रकाना होता. त्याने 'इतर' दाबलं आणि शांतपणे लिहायला घेतलं.

"विषय: कावळा मिळणेबाबत. महोदय, माझे वडील मयत आबाजी लोमटे यांच्या दहाव्याचा पिंड सकाळपासून नदीकाठी ठेवला असून, सोबत त्यांच्या आवडीची सुशीला व मासवडी ठेवूनही त्यास एकही कावळा शिवलेला नाही. तरी दुपारी एकपर्यंत एक कावळा पाठवावा; ते शक्य नसल्यास मयतास एक दिवसाची किरकोळ रजा मंजूर करून अर्जदारासोबत नाश्त्याला जाऊ द्यावे, ही नम्र विनंती."