दहातले दहा

तिसरा चेंडूही बोटांवरून सुसाट निघून गेला आणि शिडी मनातल्या मनात खूश झाली. चेहरा मात्र तिने रडवेला ठेवला.

व्हॉलीबॉलच्या नेटपलीकडे टेबलावर उभे राहून सर एकेक चेंडू जोरात मारत होते. नेटला चिकटून उडी मारायची आणि दोन्ही हातांनी तो अडवायचा, म्हणजे ब्लॉक करायचा. दहातले चार अडवले तर क्रीडा वसतिगृहात आणखी तीन वर्षं. त्याहून कमी अडवले तर संध्याकाळच्या गाडीने घर. शिडीला घर हवं होतं.

तिचा गुन्हा एकच, उंची; त्यावरूनच मुलींनी तिचं नाव शिडी पाडलं होतं. तेराव्या वर्षी तिचं डोकं दाराच्या चौकटीला लागलं आणि शाळेने तिला इथे आणून सोडलं. बाबांनी कौतुकाने सही ठोकली. तिला कुणी विचारलंच नाही. तेव्हापासून दोन वर्षं पहाटे पाचला शिट्टी, फाटकाला कुलूप आणि भिंतीशी रोज दोनशे उड्या. रडून झालं, तापाचं सोंग झालं, घरी फोन करून झाले. "पोरी, नशीब काढलंस," एवढंच बाबा म्हणायचे. तिला त्यांच्या बाइंडिंगच्या दुकानात पुस्तकांना खळ लावत बसायचं होतं. बसलेल्या माणसाची उंची कोण बघतो?

चौथा गेला, पाचवा, सहावा. दर वेळी ती किंचित उशिरा उडी मारायची. बाकावरच्या मुली खिदळत होत्या.

"शिडे, चेंडू केव्हाच गेला, आता तरी खाली उतर!"

सातवा नेमका तिच्या डोक्यावरून आला. हात सवयीने वर निघालेच होते, तिने ते कसेबसे आवरले. पुढचे तीनही गेले.

सर टेबलावरून उतरले आणि वहीत काहीतरी लिहू लागले. शिडीचा जीव भांड्यात पडला.

"उद्यापासून तू पहिल्या संघात," ते वही मिटत म्हणाले.

"पण सर, मला एकही अडवता आला नाही!"

"अगं, अगदी नवख्या पोरीच्या हातालाही दहातले दोन-तीन चुकून लागतात. दहाच्या दहा चुकवायचे, तर प्रत्येक चेंडू कुठे येणार ते आधी कळावं लागतं."