रिकाम्या खुर्चीशी भांडण

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: दोन खुर्च्या आणि एकटी अभिनेत्री मृदुला. पडद्यावर मात्र जुळ्या बहिणी भांडताना दिसायला हव्यात. कॅमेरामन नरहरकाकांनी अर्धे भिंग पुठ्ठ्याने झाकून डावीकडची बहीण टिपली. मग त्याच फिल्मवर उरलेला अर्धा भाग टिपायला ती मागे गुंडाळली, पुठ्ठा दुसऱ्या बाजूला सरकवला आणि मृदुलाला उजव्या खुर्चीत बसवले. आता मृदुला चुकली, तर आधीचे कामही वाया!

“तिच्याकडे रागाने बघ!” काका ओरडले.

“कोणाकडे? खुर्ची रिकामीच आहे.”

“अगं, तिथे तू बसली आहेस!”

“मग मी कोण?”

आयुष्यभर पडद्यावर चमत्कार घडवलेल्या काकांनी कपाळावर हात मारला. “तुझी बहीण! मघाशी तिथून तू जीभ दाखवलीस, ती या खुर्चीतल्या बहिणीलाच!”

मृदुला थबकली. “म्हणजे ती मला चिडवत होती?”

काकांनी हळूच कॅमेरा सुरू केला. मृदुलाने रिकाम्या खुर्चीला रडू फुटेल इतके सुनावले.