पावलांचे कागद

आईच्या तेराव्याला जमलेले पाहुणे दुपारी मयूर विहारच्या फ्लॅटमधून निघून गेले, तेव्हा अविनाशनं तिचं कपाट उघडलं.

चाळीस वर्षं दिल्लीत काढली, तरी आईला चपला कोल्हापूरच्याच लागत. घरात कुणाचाही वाढदिवस आला की ती त्याला कागदावर उभं करायची, पेन्सिलीनं पावलाचा आकार काढायची आणि वर वय लिहायची. त्या मापाच्या चपला गावाहून यायच्या. कागद मात्र ती कधीच टाकत नसे. पन्नाशीला टेकलेल्या अविनाशलाही त्यातून सुटका नव्हती.

नातीचा, वैभवीचा गठ्ठा वेगळा बांधलेला होता. एक, दोन, तीन, असं करत सातपर्यंत.

सातच्या खाली आठ होता.

वैभवीला आठ वर्षं पुढच्या महिन्यात पूर्ण होणार होती. अक्षर आईचंच होतं.

"आईंनी अंदाजानं काढून ठेवला असेल," पद्मजा नवऱ्याला म्हणाली. तिनं कागदाला हात लावला नाही.

जमिनीवर कागद दिसताच वैभवी सवयीनं त्यावर येऊन उभी राहिली. सातच्या आकारात पाऊल मावेना. आठच्या रेघेत ते नेमकं बसलं.

आठच्या खाली आणखी कागद होते. अविनाशनं नऊचा पसरला. पाऊल तेवढंच. दहाचा. तेवढंच. त्यानं अकराचा पसरला.

"बाबा, हापण बिल्कुल फिट," वैभवी खाली बघत म्हणाली. "मग मला आता नवीन चप्पल लागणारच नाही."