पुठ्ठ्याखालचा माणूस

"कुणाला पटणार नाय, पर ह्या फोटूतला येकेक गडी मी नुसत्या बकलावरून वळखतो," पुंजाराम म्हणाला आणि खुर्ची ओढून काउंटरला भिडला. "पायजे तर तोंडं झाक."

सायलीने खरोखरच तसबिरीच्या काचेवर पट्टी आडवी धरून पुढच्या रांगेची तोंडं झाकली. गारखेड्यातल्या तिच्या दुकानात काळ्या दगडावर चेहरे कोरून मिळत. मागे मशीन कुणाची तरी आजी कोरत होतं, बारीक किरकिरत.

पुंजाराम सुरू झाला. ह्याचा पट्टा सैल, म्हणजे हा नाशिककडचा; ह्याच्या बहिणीच्या लग्नात घोडा दारू प्याला होता. ह्याच्या बाहीवर दोन फिती, म्हणजे नाईक. ह्याने एका शिट्टीवर रणगाड्यांची अख्खी रांग थांबवली होती.

"दुश्मनाच्या," त्याने खुलासा केला. "आपले कशाला थांबतेत?"

सायली हसली. स्टुलावर बसलेली साळूबाई हसली नाही. पदराच्या टोकाने ती काच पुसत होती, एकाच जागी.

"अन् ह्यो आपला कडुबा." पुंजारामने मधल्या रांगेतल्या एका मिशीवाल्यावर बोट ठेवलं. "छाती बघ. बटन तुटाया आलंय. येकटा बंकरात घुसला. ह्या डोळ्यानं पाह्यलं म्या."

एकाहत्तरच्या लढाईनंतर कडुबाच्या घरी आलेली सरकारी तार एका ओळीची होती. बाकीचं सगळं त्याच्याच पलटणीतून परत आलेल्या पुंजारामने सांगितलं होतं, आणि सांगता सांगता बंकर मोठा होत गेला होता. शेंद्र्याजवळच्या त्यांच्या गावात परवा वीर कडुबाच्या दगडावरचा पडदा निघायचा होता. दगडावर हा मिशीवाला येणार होता. साळूबाई बायको म्हणून आजवर त्यालाच हार घालत आली होती.

"हेच ना, आजी?" सायलीने विचारलं. "नंतर बदलता येत नाही बरं का. दगड आहे."

"मला काय इचारती, बाई? नवऱ्याचं तोंड म्या कवा नीट पाह्यलंच नाय. ओट्यावर सासरा बसलेला. मान वर करायची सोय व्हती का? मग गेला त्यो फौजंत, ते गेलाच." तिने काच पुसायचं थांबवलं. "पर त्योच पायजे, येवढं बघ. परक्या गड्याला लई हात जोडले असतील, तर आता तरी नको."

"वैनी, म्या सांगतो न्हवं?" पुंजाराम म्हणाला.

सायलीने तसबीर पालथी घातली आणि पक्कडीने मागचे खिळे उपटायला घेतले.

"ऱ्हाऊ दे की, पोरी. काचंतूनच काढ. तसबीर म्या सोता बनवून आणली व्हती वैनीला. जुना कागद हाये, फाटंल."

"काचेतून चमक येते, आजोबा."

कागद फाटला नाही. काच निघाली, मग फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट निघाली, आणि फोटो आणखी दोन बोटं रुंद झाला. स्कॅन होऊन कॉम्प्युटरच्या पडद्यावर आला तेव्हा डाव्या कडेला बराकीचा व्हरांडा दिसत होता. तिथे तिघे होते. फोटोसाठी उभे नव्हते, नुसते त्यात आले होते. दोघांच्या हातात बंदुका. मधल्याच्या डोक्यावर टोपी नव्हती, कमरेला पट्टा नव्हता. हात मागे बांधलेले होते. तो एका पायावर उभा होता, दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला टेकवून.

मागचं मशीन थांबलं. आजी कोरून झाली होती.

साळूबाई स्टुलावरून उठली. "त्येला मोठं कर."

सायलीने मोठं केलं. चेहरा मोठा होता होता विरघळला, नुसते करडे ठिपके उरले. उभं राहणं मात्र तसंच राहिलं.

"मेंढरामागचा गडी हाये ह्यो," साळूबाई म्हणाली. "माळावर अस्साच उभा ऱ्हायचा. काठी टेकून, येका पायावर. लांबून मला तेवढंच दिसायचं. तेवढंच म्या धरून ठिवलं."

पुंजारामने घसा खाकरला. "त्यो कडुबा नव्हं, वैनी. आमचा सैपाकी त्यो. सैपाक्याला कुठला आला पट्टा?"

"सैपाक्यावर दोन बंदुकवाले कामून?"

"मटन चोरायचा."

सायलीला हसू आलं होतं, ते तिने गिळलं.

"पुढं काय केलं त्येचं?" साळूबाईने विचारलं.

"म्या काय सांगू? फोटूच्या दिवशी म्या रजंवर. हितं गावात. मारुतीच्या पारावर पत्ते खेळत व्हतो, कुणालाबी इचार." विचारण्यासारखं गावात आता कुणी उरलं नव्हतं. बोलता बोलता त्याने गळ्यातला मफलर वर ओढला आणि दोन्ही कानांवरून घट्ट गुंडाळला. बाहेर रस्त्यावर दुपारचं ऊन नुसतं भाजत होतं.

साळूबाईचं बोट पडद्यावर एकापासून दुसऱ्याकडे सरकलं आणि उजवीकडच्या बंदुकवाल्यावर थांबलं. टोपीखालून त्याचे कान सुपासारखे बाहेर आले होते.

"पोरी, दगडावर हेच काढ," ती म्हणाली. "त्यो येका पायावरचा. अन् ह्यो बंदुकवालाबी असू दे त्याच्या शेजारी, पुसू नको. कान तुमचेच हायेत, भावजी."