हेल्मेट नीलोकडे आहे

सेप्पोनं सोनेरी हेल्मेट टॉवेलवर ठेवून आणलं, आत कुणीतरी झोपलंय अशा बेतानं. ड्रेसिंग रूममधली वीस माणसं एकाएकी आपापल्या स्केट्सच्या नाड्यांत फार गुंतली.

सेप्पो संघाचं सामान सांभाळायचा. नऊ वर्षांच्या सवयीनं तो कप्तान तुओमोच्या बाकापाशी थांबला, मग भानावर आला, वळला आणि हेल्मेट नीलोच्या मांडीवर ठेवलं.

"घे पोरा. तुझे नऊ गुण, त्याचे आठ. बरोबरी झाली की वयानं मोठ्याचं. म्हणजे परत त्याचं."

गोल मारला की एक गुण, दुसऱ्याला मारायला चकती दिली की एक, आणि ज्याचे गुण संघात सगळ्यात जास्त त्यानं सामन्यात सोनेरी हेल्मेट घालायचं, असा नियम होता. नऊ हंगाम ते तुओमोच्या डोक्यावर होतं. एकदा तो साध्या लोकरी टोपीत बिअर घ्यायला गेला, तर गल्ल्यावरच्या बाईनं त्याला ओळखलंच नाही, पस्तिशीतल्या माणसाकडे ओळखपत्र मागितलं होतं.

नीलो एकोणीस वर्षांचा. पैसे घेऊन बर्फावरची हॉकी खेळायला लागून त्याला सहाच आठवडे झाले होते, तेही ज्युनियर संघातून उसना आणलेला. आज सामना संपला की प्रशिक्षक ठरवणार होता, ठेवायचं की परत धाडायचं. सोनेरी हेल्मेटवाल्याला ज्युनियरमध्ये धाडल्याचं अजून कुणी ऐकलं नव्हतं. धाडणार कसं? क्लबकडे हेल्मेट एकच.

नीलोनं ते डोक्यावर चढवलं आणि आरशात पाहिलं. त्याला ते शोभतंय असं त्याचं स्पष्ट मत झालं.

"हे घातलं की सगळे तुझ्याच अंगावर येतात," तुओमो म्हणाला. "समोरच्यांच्या त्या रौलीनं याच्यापायी माझी बरगडी चारदा मोडलीय. तीनदा तीच."

"आज आहे का तो?"

"आहे. एकशे अकरा किलो. माणूस फार चांगला. नाताळला कार्ड पाठवतो."

"येऊ दे. मला गाठलं तर ना!"

"दातांचा एक फोटो काढून ठेव," सेप्पो म्हणाला. "पुढं डॉक्टरला उपयोगी पडतो."

नीलो बर्फावर उतरला तो मार खायच्या पूर्ण तयारीनं. पहिल्यांदा चकती त्याच्या स्टिकवर आली तेव्हा त्याला कोपऱ्यातून रौली निघालेला दिसला. कपाट निघावं तसा. नीलोनं खांदे आवळले. रौली त्याच्या शेजारून सरळ पुढं गेला आणि वीस पावलांवर नुसत्या उभ्या असलेल्या तुओमोला त्यानं कठड्यावर आपटलं.

त्या सामन्यात हे सहा वेळा झालं. दोनदा पंचांनी रौलीला दोन-दोन मिनिटं बाहेर बसवलं. तिथं बसून तो आपल्या हातांकडे बघत राहिला.

नीलोला आधी गंमत वाटली, मग राग आला. गावातली सगळ्यात चकचकीत वस्तू डोक्यावर घेऊन तो मोकळा हिंडत होता आणि कुणी ढुंकून बघत नव्हतं. वर धक्का येणार, येणार म्हणून तो प्रत्येक फटका घाईनं मारत होता, आणि चकती गोल सोडून सगळीकडे जात होती. दुसऱ्या सत्रात तुओमोनं उठता उठता एक गोल मारला. नऊ-नऊ. बाकावर प्रशिक्षकानं नीलोच्या हेल्मेटकडे पाहिलं, मग तुओमोच्या डोक्याकडे पाहिलं, मग कॉफी प्यायली.

शेवटची सव्वादोन मिनिटं उरली होती आणि दोन-दोन अशी बरोबरी होती. चकती तुओमोकडे होती. रौली निघाला. या वेळी नीलोनं खांदे आवळले नाहीत. त्याला आता वेळापत्रक कळलं होतं. तुओमोनं चकती त्याच्याकडे सरकवली आणि पुढच्याच क्षणी कठड्याचा असा आवाज आला, की वरच्या रांगेतल्या म्हातारीच्या हातातलं सॉसेज खाली पडलं. नीलोनं मान वर केली, गोलकीपरचा गुडघा कुठं वाकतोय ते नीट पाहिलं आणि निवांत त्याच्या वरून चकती आत घातली.

सगळे नीलोच्या अंगावर पडले. तो त्यांच्यातून निसटला तो तडक रौलीच्या दिशेनं. पण बर्फावर आडव्या झालेल्या तुओमोनं त्याची जर्सी धरली.

"कुठं निघालास?"

"त्याला सांगायला. हेल्मेट माझ्याकडे आहे! मला काही मान आहे की नाही?"

"गप. एक शब्द बोलायचा नाही त्याच्याशी." तुओमोच्या ओठातून रक्त येत होतं. "तुला गोलाचा एक, मला दिल्याचा एक. किती झाले?"

"दहा-दहा."

"आणि वेळ?"

"दोन मिनिटं." नीलो थांबला. "पण कप्तान, बरोबरीत हेल्मेट तुझंच की."

"म्हणूनच आणखी एक मार. या वेळी चकती दुसऱ्या कुणाकडून घे," तुओमो म्हणाला. तो आधी गुडघ्यावर, मग पायांवर आला, डोक्यावरचं साधं पांढरं हेल्मेट दोन्ही हातांनी नीट बसवलं, आणि बसची वेळ पाठ असलेला माणूस थांब्यावर जाऊन उभा राहतो तसा रौलीच्या समोर जाऊन उभा राहिला.