अर्जातला हुद्दा

आयर्लंडच्या व्हिसा कचेरीचं पत्र चैत्रालीने तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा वाचायला वडिलांच्या हातात दिलं. "मोठ्याने वाचा," म्हणाली.

श्यामकांत राजवाड्यांचं इंग्रजी वाचन खणखणीत होतं. सरकारी बँकेतून मुख्य व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेला माणूस. हे कोलकात्यात डमडमच्या त्यांच्या फ्लॅटच्या पाटीवर लिहिलेलंच होतं. पण आज दुसऱ्या परिच्छेदापाशी त्यांचा आवाज खाली आला.

कचेरीची तक्रार एवढीच होती, की कामाच्या परवान्यात नोकरी घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराची आहे आणि व्हिसाच्या अर्जात लिहिलंय 'मॅनेजर, अश्व व्यवहार'. दोन कागदांत दोन वेगळ्या नोकऱ्या दिसतात. सबब अर्ज नामंजूर.

"अश्व व्यवहार?" चैत्राली म्हणाली. "बाबा, हे काय असतं?"

"हुद्दा असतो."

"कोणाचा?"

श्यामकांतांनी चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

या घरात कागद वाचून सही करायची पद्धतच नव्हती. श्यामकांत अर्ज भरायचे, जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारायचे, आणि बायको-मुलगी फुलीवर सही करून आपापल्या कामाला लागायच्या. मराठी मंडळातले निम्मे लोकही त्यांच्याकडेच अर्ज घेऊन यायचे. आजवर एकही परत आला नव्हता. चैत्रालीनेही सहा फुल्यांवर सहा सह्या केल्या होत्या आणि पहिल्या मेट्रोने मैदानाजवळच्या तबेल्यात निघून गेली होती, जिथे ती सहा वर्षं घोड्यांना खरारा करत आली होती.

"धुत्, बाबा! तिकडे शिंगरं जन्मायला लागलीत. तिथल्या मालकीणबाईंनी मेल केलाय. महिनाअखेरीपर्यंत आलीस तर ये, नाहीतर मी दुसरी मुलगी बघते."

"मग काय, मोतद्दार लिहायचं? बी. कॉम. फर्स्ट क्लास झालेली मुलगी तू! अर्जाला जरा वजन नको?"

"घोडेवाल्यांना वजन कमीच आवडतं."

"मी तुझ्या भल्यासाठीच..."

"मला त्यांनी घोडे धुवायला बोलावलंय. चांगलं धुते म्हणून बोलावलंय. व्यवहार करायला नाही."

श्यामकांतांनी पत्राची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "ते लोक एका शब्दावरून इतकं ताणतील असं वाटलं नव्हतं."

"तुमच्या टेबलावर असा कागद आला असता, तर तुम्ही काय केलं असतं?"

उत्तर स्वयंपाकघरातून, आईकडून आलं. "परत पाठवला असता," वृंदाताई म्हणाल्या. "एका बाईंचं एका कागदावर सुमन होतं आणि दुसऱ्यावर सुमनबाई. यांनी तीन महिने खातं उघडू दिलं नाही त्यांना."

"साडेतीन," श्यामकांतांनी सवयीने दुरुस्ती केली, आणि मग दुरुस्ती करायला नको होती असं त्यांच्या लक्षात आलं.

नवा अर्ज, सोबत खुलासा, आणि हे सगळं आजच. चैत्राली समोर खुर्ची ओढून बसली. श्यामकांतांनी खुलाशाचं पहिलं वाक्य झरझर लिहिलं, की सदर तफावत ही केवळ कारकुनी चूक होय.

"आपल्या घरात कारकून कोण आहे?" चैत्रालीने विचारलं.

श्यामकांत थेट अधिकारी म्हणून बँकेत लागले होते. एक दिवसही कारकून नव्हते, आणि ही गोष्ट ते पहिल्या भेटीतच सांगत. त्यांनी ते वाक्य खोडलं. बराच वेळ पेनाचं टोपण काढलं, लावलं. मग लिहिलं, की अर्ज अर्जदाराच्या वडिलांनी भरला होता आणि हुद्दा त्यांनी स्वतःच्या मनाने घातला होता. नवा अर्ज पुढे ओढून त्यांनी हुद्द्याच्या रकान्यात मोतद्दार लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा लहान आलं.

तेवढ्यात फोन वाजला. मंडळाचे चिटणीस गुरुदत्त. पोरीचा व्हिसा आला की सत्कार ठेवायचा, असं त्यांनी गेल्याच रविवारी जाहीर करून टाकलं होतं.

"हो हो, पत्र आलंय ना," वृंदाताई फोनवर म्हणाल्या. "बारीकसं काहीतरी राहिलंय, होईल. हो, मॅनेजर म्हणूनच..."

"वृंदा," श्यामकांत मान वर न करता म्हणाले, "मोतद्दार सांग. सगळीकडे एकच हवं."

वृंदाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि सांगितलं. मग त्यांनी फोनवर हात ठेवला.

"ते विचारतायत, म्हणजे नेमकं काय करायचं असतं?"

'कामाचं स्वरूप' हा रकाना अजून कोरा होता. श्यामकांतांनी पेन उचललं.

"लीद किती वेळा काढावी लागते?"

"दोनदा," चैत्राली म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ."

"लीद काढायची असते," श्यामकांत फोनपर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात म्हणाले. "दिवसातून दोनदा." आणि तसंच लिहिलं.

मग त्यांनी पेन्सिल घेतली, खाली उजव्या कोपऱ्यात बारीक फुली मारली आणि कागद लेकीपुढे सरकवला.

चैत्रालीने फुलीकडे पाहिलं. पेन बाजूला ठेवलं, आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.